पुसलेला मजकूर किती काळ जपावा?

संगणकावर लिहिताना चूक झाली की बोटे आपोआप ‘कंट्रोल-झेड’कडे वळतात. मागे जाण्याची ही सोय, अर्थात ‘अनडू’, इतकी अंगवळणी पडली आहे की तिची मर्यादा सहसा ध्यानात येत नाही. बहुतेक एडिटरमध्ये फाइल बंद होताच बदलांचा हा इतिहास नाहीसा होतो. सकाळी गाळलेला परिच्छेद संध्याकाळी हवासा वाटला, तरी तो परत मिळत नाही.

हा इतिहास जपणे तांत्रिकदृष्ट्या अशक्य मुळीच नाही. ब्राम मोलेनार यांनी घडविलेल्या ‘व्हिम’ या प्रोग्रामरप्रिय एडिटरने २०१० साली, ७.३ आवृत्तीत, ते करून दाखविले. ‘अनडूफाइल’ हा पर्याय सुरू केल्यास मूळ फाइलशेजारी एक छुपी फाइल तयार होते आणि प्रत्येक बदल तीत नोंदला जातो. मात्र मधल्या काळात दुसऱ्याच प्रोग्रामने मूळ मजकूर बदलला तर? जुने शब्द भलत्याच ओळीत घुसायचे! म्हणून व्हिम मजकुराचा एक गणिती ठसाही जपून ठेवतो. ठसा जुळला नाही, तर जुना इतिहास सरळ बाजूला सारला जातो.

खरी मेख वेगळीच आहे. पुसलेले सारेच परत हवे असते असे नाही. एखाद्याने चुकून फाइलमध्ये पासवर्ड लिहिला आणि लगेच खोडला, तरी तो शेजारच्या छुप्या फाइलमध्ये राहतो. फोल्डर सहकाऱ्याला धाडले की त्याच्यापर्यंत पोहोचतो. ‘वर्ड’च्या जुन्या आवृत्त्यांतील ‘फास्ट सेव्ह’चा अनुभव असाच होता. त्यात बदल फाइलच्या शेवटी जोडले जात आणि खोडलेली वाक्ये आतच राहत. पुढे ही सोय वगळण्यात आली.

त्यामुळे इतिहास जपावा, पण लिहिणाऱ्याला विचारून, हेच रास्त ठरते. व्हिममध्ये हा पर्याय मुळात बंदच असतो, तो याच दृष्टीने योग्य म्हणावा लागेल. सुरू करणाऱ्यांनी ‘अनडूडिर’ या सेटिंगद्वारे अशा फाइलींसाठी स्वतंत्र फोल्डर नेमावे. मग त्या मूळ फाइलीबरोबर बाहेर जात नाहीत. अर्थात, व्हिम त्या कधीही आपणहून काढून टाकत नाही. ते काम वापरणाऱ्यालाच करावे लागते.