दोन सायकली आणि घाटावरचं पाणी

सायकलवरून डोंगर चढायला निघालो म्हटलं की लोकांच्या मनात दोन शंका येतात. या माणसाचं डोकं ठिकाणावर आहे ना, ही पहिली. याच्याकडे गाडी नाही का, ही दुसरी. साठी उलटलेल्या माणसाच्या बाबतीत तिसरीही शंका येते, पण ती त्याला न विचारता त्याच्या बायकोला विचारतात. आमच्या सोसायटीत ती सगळ्यांनी विचारून झाली. हिनं प्रत्येकाला एकच उत्तर दिलं : "चाळीस वर्षं ऐकलं नाही, आता काय ऐकणार?"

आमचा रस्ता असा होता. विठ्ठलवाडीहून शहाड, टिटवाळा, वासिंद, शहापूर, कसारा. घाट चढून इगतपुरी, घोटी. तिथून बारी गावावरून भंडारदरा आणि धरणाच्या जलाशयाला पूर्ण वळसा. मग राजूर, कोतूळ, ब्राह्मणवाडा, ओतूर, आणि शेवटी माळशेज उतरून मुरबाडमार्गे घर. साडेतीनशेच्या आत-बाहेर किलोमीटर आणि सहा दिवस. पंचविशीतली मुलं हेच अंतर तीन दिवसांत कापतात म्हणे. कापोत बापडी. त्यांना वाटेत चहा प्यायचा नसतो.

सोबतीला माझा एक जुना मित्र होता. तो रेल्वेत इंजिन चालवून निवृत्त झाला. त्याच्या हृदयाला दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला आहे. त्याच्या डॉक्टरांनी परवानगी दिली ती तीन अटींवर : दम लागला की उतरून ढकलत चालायचं, छातीत काही वाटलं की तिथंच थांबायचं, आणि शर्यत लावायची नाही. त्याच्या बायकोनं या अटी एका कागदावर लिहून तो कागद माझ्या खिशात ठेवला. म्हणजे कर्ज त्याचं आणि जामीनदार मी. बँकेत सगळी नोकरी झाल्यानं या नात्यातली जोखीम मला चांगली ठाऊक आहे.

टिटवाळा सोडलं की शहर मागं पडतं असं म्हणायची पद्धत आहे. तसं काही आता होत नाही. वासिंद-आसनगावपर्यंत टॉवर उगवलेले आहेत. पण यंदा फाल्गुनात पळस मात्र ठरल्याप्रमाणे पेटला होता, आणि काटेसावरीखाली लाल फुलांचा सडा पडला होता. वीटभट्ट्यांवरची कातकरी कुटुंबं शिमग्यासाठी घरी परतायच्या तयारीत होती. शहापूर तालुका हा मोठा विलक्षण मुलूख आहे. १८९२ साली पुरं झालेलं तानसा धरण इथलं. मुंबईला रोज जे पाणी लागतं त्यातलं जवळपास निम्मं एकटी भातसा देते, ती इथली. आणि दर उन्हाळ्यात ज्या तालुक्यातल्या पाड्यांना टँकरनं पाणी पुरवल्याच्या बातम्या येतात, तो तालुकाही हाच. ही बातमी आपण इतक्या वेळा वाचतो की वाचेनासे होतो. सायकलवर मात्र ती वाचावी लागते, कारण ताशी बारा किलोमीटरच्या वेगानं जाताना रस्त्याकडेला रांगेत मांडलेले रिकामे हंडे चुकवता येत नाहीत.

कसाऱ्याचा घाट दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे चढलो. ट्रेलरच्या बाजूनं सायकल चालवणं हे शौर्य नव्हे, निव्वळ गैरसोय आहे, म्हणून उजाडतानाच रस्ता धरला. २०२५ च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला. इगतपुरीजवळच्या जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यातून मोटारी हा सगळा डोंगर काही मिनिटांत ओलांडतात. दुचाकींना तिथं मज्जाव आहे. आम्हांला अडीच तास लागले.

रेल्वेचा थळ घाट १८६५ मध्ये सुरू झाला. तिथला चढ सदतिसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढं जाताना एक फूट वर. एवढ्या चढाला गाडीचं एक इंजिन पुरत नाही, म्हणून कसाऱ्याला मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात. त्या इंजिनांना रेल्वेत 'बँकर' म्हणतात. माझ्या मित्रानं उमेदीची काही वर्षं बँकर चालवण्यात घालवली आहेत. घाटात एका वळणावर मी धापा टाकत सायकल ढकलत होतो, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "जन्मभर बँकर म्हणवून घेतलंस. खरा बँकर मी!" आणि त्यानं माझ्या कॅरिअरला मागून हात लावला. मी खिशातला कागद काढून दाखवल्यावर हात काढला.

घोटीहून कोल्हारकडे जाणारा रस्ता बारीला कळसूबाईच्या पायथ्याशी येतो. १६४६ मीटर, महाराष्ट्राचं सगळ्यांत उंच शिखर. खालून ते तेवढं उंच वाटत नाही, पण आम्ही कल्याणच्या जेमतेम दहा मीटरवरून आलो होतो, त्यामुळे आमच्या पायांना त्याची कल्पना होती. संध्याकाळी शेंडीला पोचलो. प्रवरेवरचं हे भंडारदरा धरण इंग्रजांनी १९१० मध्ये बांधायला घेतलं आणि १९२६ मध्ये पुरं केलं. इथं साठणारं पाणी खाली संगमनेर-श्रीरामपूरकडे उसाला जातं. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना ज्या प्रवरानगरला उभा राहिला, त्याच्या गोडव्याचं मूळ या काळ्या कड्यांत आहे.

तिसरा दिवस जलाशयाच्या वळशाचा. या सगळ्या फेरीतला हा सर्वांत सुंदर आणि सर्वांत एकाकी भाग. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ मध्ये झालं, त्याच्या आतून हा रस्ता जातो. वनखात्याच्या नाक्यावर पावती फाडायची आणि फोन खिशात घालायचा, कारण पुढं बराच वेळ त्याला रेंज नसते. मुरशेत, पांजरे, उडदावणे. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला जंगल, वर अलंग-मदन-कुलंगचे कडे. हिरडा, जांभूळ, आंबा. मोहाला नुकती कुठं फुलं धरू लागलेली. मे अखेरीस इथं काजव्यांनी झाडं लखलखतात तेव्हा मोटारींची रांग लागते. फाल्गुनात आम्ही दोघंच होतो.

घाटघरला जमीन संपते. कड्यावर उभं राहिलं की खाली कोकण, आणि ते कोकण म्हणजे दोन दिवसांपूर्वी मागं टाकलेला शहापूर तालुकाच. या कड्याचा उपयोग करून २००८ मध्ये अडीचशे मेगावॅटचा वीजप्रकल्प सुरू झाला. विजेची मागणी वाढली की वरच्या तलावातलं पाणी खाली सोडून वीज करायची, आणि मागणी उतरली की तेच पाणी पंपानं पुन्हा वर चढवायचं. घाट चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. मित्र म्हणाला, "हेही आपल्यातलंच दिसतंय."

त्यानंतर तासाभरानं, साम्रदच्या अलीकडे, तो एका दगडावर बसला तो उठेना. चेहरा उतरलेला, घाम. दुपारचा एक वाजला होता, दोघांच्या बाटल्या रिकाम्या, फोन मुका. मी विचारलं, "छाती?" तो काहीच बोलला नाही. त्या अर्ध्या मिनिटात मला त्याच्या बायकोचं अक्षर खिशातल्या कागदासकट दिसत होतं.

वाटेवरून एक बाई डोक्यावर दोन हंडे घेऊन येत होत्या. वय माझ्याएवढं असेल. थांबल्या, हंडे उतरवले, आणि काही न विचारता वरच्या हंड्यातलं पाणी तांब्यात घेऊन त्याच्यापुढं धरलं. "सावकास पी बाबा. घटाघटा नको." त्यानं अर्धा तांब्या प्यायला, उरलेला डोक्यावर घ्यायला गेला, तशा त्या पटकन म्हणाल्या, "अंगावं नको वतू. प्यायला पायजे तर आनखी घे." त्यानं हात खाली घेतला.

घाटघरला पुष्कळ वर्षी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. समोर अख्खा जलाशय पसरला होता. बाईंना विचारलं तेव्हा कळलं की त्यांच्या वाडीजवळच्या विहिरीचा तळ दिसू लागला होता आणि त्या दूरच्या झऱ्यावरून येत होत्या. हा कातळाचा देश. पडलं ते धावत सुटतं, मुरत नाही. जलाशयाचं पाणी खालच्या अंगाला, आणि तिथून हंडा भरून चढ चढायचा तर वेळ दुप्पट. "आता बरं हाय. चैतात या म्हंजी कळंल." मित्राला तोवर वाचा फुटली. "छाती नाही रे, मांड्या," असं तो म्हणाला तेव्हा मला त्याला मारावंसं वाटलं. बाईंनी पैसे घेतले नाहीत. तांब्या मात्र तीनदा भरून दिला. तेवढ्यासाठी त्यांना पुन्हा किती चालावं लागलं असेल याचा हिशेब माझ्यातल्या अधिकाऱ्यानं मनातल्या मनात केला. तो इथं मांडत नाही.

रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ पाहून मुक्कामी आलो. त्या कोरीवकामावर खूप लिहिलं गेलं आहे. मला त्या दिवशी देवळाच्या पायरीची सावली अधिक आवडली.

राजूर-कोतूळचा रस्ता माझ्या ओळखीचा. ऐंशीच्या दशकात याच अकोले तालुक्यातल्या एका ग्रामीण शाखेत मी होतो. एकात्मिक ग्रामीण विकासाच्या कर्जातून दिलेल्या म्हशी तपासायला अॅटलस सायकलवरून वाड्यावस्त्यांवर जायचो. विमा उतरवलेल्या म्हशीच्या कानात बिल्ला असे, आणि त्यावरचा नंबर कागदाशी जुळवायचा. म्हशीला हे पसंत नसे. ती अॅटलस गेली. २०२० च्या ३ जूनला, जागतिक सायकल दिनीच, कंपनीचा साहिबाबादचा कारखानाही थांबला. आता त्या रस्त्यावर गणवेशातल्या मुली सायकलवर शाळेत जाताना दिसल्या. त्यांनी घंटी वाजवत आम्हांला मागं टाकलं.

राजूरला पेढे घेतले. जवळच देवगाव, राघोजी भांगऱ्यांचं. सावकार आणि इंग्रजांविरुद्ध उठलेल्या या महादेव कोळी वीराला २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं. आम्ही ठाणे जिल्ह्यातलेच म्हटल्यावर पेढेवाल्यानं पहिल्यांदा हे सांगितलं आणि मग वजन केलं.

ओतूरला तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी आहे. तिथं हात जोडले आणि माळशेजच्या माथ्यावर शेवटचा मुक्काम केला. घाट उतरताना दोन्ही ब्रेक आलटून-पालटून, थांबून थांबून लावायचे. एकच दाबून धरला तर रिम तापते. हा एवढाच सल्ला या लेखातून कुणी घ्यायचा तर घ्यावा.

खाली वैशाखऱ्याच्या पुढं पोरांनी रस्त्यावर दोर आडवा धरला होता. शिमग्याचं पोस्त. मोटारवाल्यांना दहा रुपये, आम्हांला पाच, असा दर ठरला. एकानं विचारलं, कुठून आलात? मित्रानं सगळी गावं नाव घेऊन सांगितली. पोरगं विचारात पडलं. "आणि जायचं कुठं?"

"विठ्ठलवाडीला."

"आणि निघाले कुठून?"

"विठ्ठलवाडीहून."

त्यानं दोराकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं, आणि दोर खाली सोडून म्हणाला, "जाऊ दे रे यांना. फुकट जाऊ दे."