हळदीचा कागद

शाळेच्या विज्ञानप्रदर्शनासाठीं महागडीं उपकरणेंच हवींत असें नाहीं. चिमूटभर हळद पाण्यांत कालवून टीपकागदावर फासावी व कागद सावलींत वाळवावा. त्यावर साबणाच्या पाण्याचा थेंब पडतांच तो तांबडा होतो; लिंबू पिळलें कीं पुन्हां पिवळा. हळदींतील कर्क्युमिन हें रंगद्रव्य अल्कानें पालटतें, आम्लानें पूर्ववत् होतें. हळदीला चुना लागून कुंकू होतें तें याच गुणामुळें. मात्र हें मुलांना आधीं सांगून टाकूं नये. मग प्रयोग उरत नाहीं, नुसती नक्कल उरते. चुन्याची निवळी, चिंच, राखेचें पाणी त्यांनाच निवडूं द्यावें. (निवळी डोळ्यांत जाऊं नये, एवढें मोठ्यांनीं पाहावें.) खाण्याच्या सोड्यानें रंग धुण्याच्या सोड्याइतका गडद कां होत नाहीं, असा प्रश्न एखाद्या मुलाला सुचला, तर तो त्याच्याकडूनच वहींत लिहवून घ्यावा आणि प्रदर्शनांत ती वही कागदांशेजारीं मांडावी.