पंगत गलाई बांधवांची

केरळ, तमिळनाडू, आंध्र किंवा पंजाबातील एखाद्या शहराच्या सराफ बाजारात सहज फेरफटका मारावा आणि आतल्या बोळातून अस्सल माणदेशी मराठी कानावर पडावी, हा अनुभव आपल्या अनेक वाचकांना आला असेल. ही मंडळी बहुधा गलाई व्यावसायिक असतात. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि सातारा जिल्ह्यातील माण, खटाव हे त्यांचे मूळ तालुके. पावसाने पाठ फिरवलेल्या या पट्ट्यातून पिढ्यान्‌पिढ्या तरुण बाहेर पडले आणि सोने-चांदी गाळण्याच्या कामात स्थिरावले. परमुलखात त्यांनी ठिकठिकाणी आपापली मंडळे स्थापन केली. गणेशोत्सव, शिवजयंती किंवा कोजागरी अशा निमित्ताने होणारे मंडळाचे स्नेहभोजन हा वर्षातला मोठा सोहळा.

वरवर पाहता हा भाकरी-पिठल्याचा आणि गावाकडच्या गप्पांचा कार्यक्रम. परंतु त्याचे महत्त्व उमगण्यासाठी या धंद्याची रीत थोडी समजून घ्यावी लागेल.

सराफाकडे जमा झालेले जुने दागिने गलाईवाल्याकडे येतात. टाकणखार घालून ते मुशीत वितळवले जातात. शुद्ध सोने वेगळे करायचे तर त्यात आधी चांदी मिसळावी लागते. एक भाग सोन्यास साधारण तीन भाग चांदी. ऐकणाऱ्याला हे उफराटे वाटते, पण त्यामागे कारण आहे. सोन्याचे प्रमाण जास्त राहिले तर नत्राम्ल आतपर्यंत पोहोचतच नाही. पुरेशी चांदी असली की आम्ल चांदी व तांबे विरघळवते आणि तळाशी तपकिरी चूर्ण उरते. तेच सोने. ते धुऊन पुन्हा आटवले की पिवळी लगड हाती येते. द्रावणातली चांदीही वाया जात नाही. तांब्याचे पत्रे त्यात सोडून ती परत मिळवतात. कारागिरांच्या दुकानातला केरसुद्धा याच हातांकडे येतो, कारण त्यातही सोन्याचे कण असतात.

मुशीत गेलेला दागिना ओळखता येत नाही. घडण गेली, खूण गेली; उरते ते वजन आणि टंच. म्हणून सराफ सोने देतो ते माणूस पाहून. गावाहून आलेला पोरगा कोणा चुलत्या-मामाच्या हाताखाली काही वर्षे काम शिकतो आणि मग स्वतःची भट्टी मांडू पाहतो, तेव्हा स्थानिक सराफाने त्याच्यावर विसंबावे कशाच्या आधारावर? इथे पंगत उपयोगी पडते. स्थानिक सराफांनाही भोजनाचे आमंत्रण असते. ज्येष्ठ सभासद नव्या मुलाला त्यांच्यापुढे नेतात, 'हा आमचा' एवढेच सांगतात, आणि त्या दोन शब्दांत आपली स्वतःची पत गुंतवतात. उद्या त्या मुलाकडून काही वावगे घडले तर बोट सगळ्या मंडळाकडे दाखवले जाते. सत्काराच्या नारळ-फेट्याकडेही याच दृष्टीने पाहावे. तमिळ वा मल्याळममधून दहावी उत्तीर्ण झालेल्या मुलीचा गौरव होतो, तेव्हा हे कुटुंब आता या गावचे झाले, ही ग्वाही उपस्थित पाहुण्यांनाही मिळते.

आता थोडे मंडळाच्या पैशाविषयी. बँकेच्या मासिकात तेवढा अधिकार आम्ही घेतो. वर्गणीतून भोजनाचा खर्च निघतो आणि उरलेली शिल्लक अडचणीत आलेल्या सभासदासाठी राखली जाते. परगावी कोणी दगावला तर पार्थिव गावी नेण्याचा खर्च अशाच निधीतून होतो. हा पैसा पुष्कळदा खजिनदाराच्या वैयक्तिक बचत खात्यात ठेवलेला असतो. त्यात कोणाची लबाडी नसते, केवळ सोय असते. पण उद्या खजिनदाराचेच बरेवाईट झाले, तर ती रक्कम बँक त्याने नामनिर्देशित केलेल्या व्यक्तीस देते. त्यातले मंडळाचे किती, हे बँकेला कळण्याचा मार्ग नसतो. शोकात असलेल्या घरात जाऊन हिशेब मागण्याचा प्रसंग कोणावरच येऊ नये.

उपाय अवघड नाही. मंडळाची नोंदणी करावी. त्यासाठी राज्याराज्यांचे कायदे वेगळे आहेत: कर्नाटकात 1960 चा, तमिळनाडूत 1975 चा संस्था नोंदणी कायदा आहे. मंडळाच्या नावाने स्वतंत्र पॅन घ्यावा, खाते उघडावे आणि ते किमान दोघांच्या संयुक्त सहीने चालवावे.

कराबाबत एक गैरसमज सर्रास आढळतो. सभासदांनी आपल्यातच गोळा करून आपल्यावरच खर्च केलेली वर्गणी हे सामान्यतः उत्पन्न ठरत नाही, कारण स्वतःपासून स्वतःला नफा होत नसतो. पण म्हणून मुदत ठेवीवरचे व्याजही करमुक्त, असे समजू नये. बंगलोर क्लबच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली हा मुद्दा निकालात काढला. ठेव ज्या बँकांत होती त्या स्वतः क्लबच्या सभासद होत्या, तरीही व्याज करपात्र ठरले. बँकेने तो पैसा इतरांना कर्जाऊ दिला, तेव्हाच तो सभासदांच्या वर्तुळाबाहेर गेला, असे न्यायालयाचे म्हणणे होते. मंडळाने ठेव जरूर ठेवावी, परंतु व्याजाची नोंद विवरणपत्रात करावी.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. वार्षिक हिशेबाचे वाचन पंगतीच्या आधी ठेवावे. जेवण झाल्यावर थांबतो कोण? नवे पदाधिकारी निवडले गेले असतील तर खाते कोणाच्या सहीने चालणार याचा ठराव त्याच सभेत मंजूर करून इतिवृत्तात लिहावा. ठरावाची प्रत, नव्या मंडळींची छायाचित्रे आणि ओळखपत्रे शाखेत पोहोचली की जुन्या सह्या बदलून मिळतात. तोवर मात्र मंडळाच्या धनादेशावर गेल्या वर्षीच्याच खजिनदारांची सही चालेल, मग ते दरम्यान गावच्या यात्रेला विट्याला गेलेले का असेनात.