येसानची शाळा, सोलची वकिलात

अमेरिकेच्या ‘पीस कॉर्प्स’ या संस्थेने 1966 ते 1981 या काळात सुमारे 2 हजार स्वयंसेवक दक्षिण कोरियात पाठवले. बहुतेक जण विशी-पंचविशीतले, हातात नुकतीच पदवी पडलेले. सुरुवातीच्या वर्षांत कोरियाचे दरडोई वार्षिक उत्पन्न दीडशे डॉलरच्या आत होते, सत्ता पार्क चुंग-ही या लष्करशहाच्या मुठीत होती आणि युद्ध थांबून जेमतेम 13 वर्षे झाली होती. या मुलामुलींनी कोरियाचे किती भले केले, याचा हिशेब मांडणे कठीण आहे. कोरियाने त्यांना कसे घडवले, हे मात्र त्यांच्या पुढच्या कामावरून दाखवता येते.

1 मार्च 1961 रोजी अध्यक्ष केनेडी यांच्या आदेशाने ही संस्था सुरू झाली. सुमारे 3 महिने प्रशिक्षण, मग 2 वर्षे सेवा. पगार नाही, गावच्या राहणीमानाला पुरेल एवढा निर्वाहभत्ता. आणि तिथल्या राजकारणापासून चार हात दूर राहण्याची सक्त ताकीद. कोरियात मुख्य कामे दोन होती. एक, माध्यमिक शाळांत इंग्रजी शिकवणे. दुसरे, ग्रामीण आरोग्य केंद्रांत क्षयरोग आणि कुष्ठरोग नियंत्रणाला मदत करणे.

राहायचे ते एखाद्या कोरियन कुटुंबात. खोलीतली जमीन खालून फिरवलेल्या चुलीच्या धुराने तापायची. तिच्यावरच गादी घालून झोपायचे, तिच्यावरच बसून जेवायचे. अंघोळीला गावातले सार्वजनिक स्नानगृह. वर्गात साठ-सत्तर मुले, हिवाळ्यात मध्यभागी एक शेगडी आणि कडेच्या बाकांवर गोठलेले हात. इंग्रजी कळणारे आसपास जवळपास कोणी नाही. त्यामुळे दुकानदाराशी, मुख्याध्यापकांशी, घरच्या आजीशी बोलायचे ते मोडक्यातोडक्या कोरियनमध्येच. शिकवायला आलेल्या माणसाला रोज चारचौघांत चुका करत शिकावे लागे. परक्या समाजात सर्वांत कमी कळणारा माणूस म्हणून दोन वर्षे काढणे, हाच या सेवेचा खरा गाभा. वयाच्या चाळिशीत, पद आणि मान मिळाल्यावर, हे सोसायला फार थोडे तयार होतील.

कॅथलीन स्टीफन्स 1975 मध्ये चुंगचॉंग प्रांतातल्या येसान गावी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवायला गेल्या. तिथे त्यांना शिम उन-ग्यॉंग हे कोरियन नाव मिळाले. कोरियात असतानाच त्यांनी अमेरिकी परराष्ट्र सेवेची परीक्षा दिली आणि 1978 मध्ये सेवेत प्रवेश केला. ऐंशीच्या दशकात, लोकशाहीसाठी रस्ते पेटलेले असताना, त्या सोलच्या वकिलातीत राजकीय घडामोडींवर लक्ष ठेवण्याच्या कामावर होत्या. 2008 मध्ये त्या तिथेच राजदूत म्हणून परतल्या. या पदावरच्या त्या पहिल्या स्त्री आणि कोरियन अस्खलित बोलणाऱ्या पहिल्या राजदूत. येसानची ‘शिम बाई’ राजदूत होऊन आली, याचे कोरियन वृत्तपत्रांना मोठे अप्रूप वाटले.

विद्यापीठांतला परिणाम याहून खोल आहे. कोरियाचा अभ्यास करणारे अमेरिकी प्राध्यापक तोवर बोटांवर मोजण्याइतके होते. डेव्हिड मॅक्कॅन आंदोंगला शिकवून परतले आणि पुढे हार्वर्डमध्ये कोरियन साहित्याचे प्राध्यापक व कवितेचे अनुवादक झाले. दुसरे स्वयंसेवक कार्टर एकर्ट यांचा मूळ विषय युरोपचा प्राचीन-मध्ययुगीन इतिहास. कोरियातल्या वास्तव्याने तो बदलून कोरिया झाला. तिसरे स्वयंसेवक ब्रूस कमिंग्ज यांनी 1981 च्या आपल्या ग्रंथात कोरियन युद्धाची मुळे 1945 नंतरच्या स्थानिक संघर्षात शोधली, आणि पार्क यांच्यानंतरचे लष्करशहा चुन डू-ह्वान यांच्या राजवटीने त्या पुस्तकावर बंदी घातली.

राजकारणात पडायचे नाही, या नियमाची कसोटी मे 1980 मध्ये ग्वांगजूत लागली. लोकशाहीसाठी उठाव करणाऱ्या निदर्शकांवर लष्कराने गोळ्या झाडल्या तेव्हा काही स्वयंसेवक शहरात होते. टिम वॉर्नबर्ग यांनी जखमींना रुग्णालयात पोहोचवायला हातभार लावला. काहींनी परदेशी बातमीदारांसाठी दुभाष्याचे काम केले. वॉर्नबर्ग यांनी 1987 मध्ये या उठावावर अभ्यासपूर्ण लेख लिहिला. पॉल कोर्टराइट नाजूजवळच्या कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत काम करत होते. पुढची कित्येक दशके त्यांनी आफ्रिकेत अंधत्व निवारणासाठी वेचली आणि 2020 मध्ये ग्वांगजूची साक्ष पुस्तकरूपाने मांडली.

हे सारे दोन वर्षांच्या सेवेचेच फळ, असे मात्र म्हणता येणार नाही. घरदार सोडून अनोळखी देशात जायला तयार होणारी मुले मुळातच वेगळी असतात. शिवाय परतल्यावर वाटाही मोकळ्या होत्या: अमेरिकी केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत त्यांना प्रवेश सुलभ होता, 1958 च्या कायद्यामुळे परकीय भाषांच्या अभ्यासाला शिष्यवृत्त्या मिळत होत्या. आणि कोरिया स्वतः झपाट्याने पुढे गेला, त्यामुळे कोरियन जाणणाऱ्याला मोल आले. भारतात 1961 ते 1976 या काळात 4 हजारांहून अधिक स्वयंसेवक येऊन गेले. त्यांतल्या सर्वांत प्रसिद्ध लिलियन कार्टर, पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले जिमी कार्टर यांच्या आई. पण विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत त्या आल्या तेव्हा 68 वर्षांच्या होत्या; सेवेने घडण्याचे वय केव्हाच मागे पडले होते. इतके सगळे वजा केले, तरी एकर्ट यांचा बदललेला विषय आणि स्टीफन्स यांची कोरियन भाषा उरतेच. या दोन्ही गोष्टी घरी बसून मिळाल्या नसत्या.

नाते एकतर्फी राहिले नाही. ‘कोरिया फाउंडेशन’ या कोरियन सरकारी संस्थेने जुन्या स्वयंसेवकांना पुन्हा गावे पाहायला बोलावले आणि 2020 च्या कोरोना साथीत पाचशेहून अधिक जणांना घरपोच खोके पाठवले. प्रत्येकात 100 मुखपट्ट्या होत्या. त्याआधीच, 1990 पासून, कोरिया स्वतःचे स्वयंसेवक नेपाळ, श्रीलंका अशा देशांत पाठवू लागला होता.