कोळसा पुन्हा मातीकडे

ऊस तुटून गेला की फडात हेक्टरी आठ-दहा टन पाचट उरते आणि काडी लावली की बघता बघता त्याची राख होते. या पाचटाचे एक उत्तर पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने शोधले : बंद भट्टीत त्याचा कोळसा करायचा आणि त्याच्या कांड्या चुलीसाठी विकायच्या. 2002 साली या कामाला ॲश्डेन पुरस्कार मिळाला. तो कोळसा इंधनाचा होता.

मातीतल्या कोळशाची गोष्ट त्याच सुमारास ॲमेझॉनमधून येत होती. तिथल्या निकस, आम्ल जमिनीत मधूनच काळ्या, सुपीक मातीचे पट्टे लागतात. विम सोम्ब्रूक यांनी 1966च्या ग्रंथात त्यांच्याबद्दल लिहिले होते. 2001मध्ये ब्रुनो ग्लासर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की या मातीत आजूबाजूच्या जमिनीपेक्षा सुमारे 70 पट कोळसा आहे, आणि तो शेकडो वर्षांपूर्वीच्या वस्त्यांनी टाकलेला आहे. मातीत घालायच्या अशा कोळशाला ‘बायोचार’ हे नाव रूढ झाले ते त्यानंतर.

कोकणातल्या भातशेतकऱ्याला यात अगदीच परके काही वाटू नये. शेण, टहाळ, पालापाचोळा थराने रचून, वर बारीक माती पसरून राब भाजायचा आणि त्या जागी रोप टाकायचे, ही तिथली जुनी रीत. तिच्यापायी झाडे ओरबाडली गेली, हेही खरे. डॉ. ना. कृ. सावंत यांच्या चारसूत्री भातलागवडीत राबाला अधिक शहाणा पर्याय मिळाला : भाताच्या तुसाची काळसर राख, गादीवाफ्याला चौरस मीटरमागे अर्धा ते एक किलो. या राखेतून रोपाला सिलिका मिळते, काडी कणखर होते. बायोचारच्या चर्चेत या कामाचा उल्लेख क्वचितच होतो, याचे मला वाईट वाटते.

भट्टीचा प्रश्न 2014च्या सुमारास पुष्कळ सोपा झाला. स्वित्झर्लंडमध्ये हान्स-पेटर श्मिट यांनी ‘कोन-टिकी’ ही उघड्या तोंडाची, खाली निमुळती भट्टी पुढे आणली. तसा खड्डा शेतातही खणता येतो. कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या पेटवायच्या, वरच्या थरावर राखेची साय धरू लागली की पुढचा थर टाकायचा. जाळ वरच असतो. खालच्या काड्यांना हवा मिळत नाही, त्यामुळे त्या जळून न जाता कोळसतात. धूर वाढला तर समजावे, ओली काडी पडली किंवा घाई झाली. शेवटी भरपूर पाणी ओतायचे. थंड झालेला चांगला कोळसा हातात हलका लागतो, मोडताना खणकन वाजतो. मात्र तो ताजाच रानात टाकू नये. शेणखतात किंवा गोमूत्रात मुरवून घ्यावा. कोरा कोळसा सुरुवातीला पिकाच्याच वाट्याचे नत्र धरून ठेवू शकतो.

उत्पादन किती वाढते? 2017मध्ये जगभरच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा निघाला : उष्ण कटिबंधात सरासरी 25 टक्के वाढ, समशीतोष्ण प्रदेशात जवळपास काहीच नाही. कारण उघड आहे. कोळसा बहुधा अल्कधर्मी असतो. आम्ल, हलक्या जमिनीत तो सामू वर आणतो, अन्नद्रव्ये वाहून जाऊ देत नाही. म्हणजे कोकणातल्या जांभ्या जमिनीला तो मानवेल. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या जमिनीचा सामू आधीच आठच्या आसपास; तिथे तितक्याच वाढीची आशा दाखवणे शेतकऱ्यावर अन्याय आहे. पऱ्हाट्यांचे ढीग मात्र नेमके तिथेच आहेत.

गेल्या काही वर्षांत कोळशाला तिसरेच गिऱ्हाईक मिळाले. जानेवारी 2025मध्ये गूगलने ‘वराह’ या भारतीय कंपनीकडून 2030पर्यंत 1 लाख टन कार्बन-श्रेय घेण्याचा करार जाहीर केला. काडीकचऱ्याला मोल येते आहे, ही चांगलीच गोष्ट. पण हे मोल हवेतून किती कार्बन काढून मुरवला, त्याचे आहे. कोळसा कोणत्या रानात पडला, तिथल्या पिकाला काय मिळाले, याला त्या टनाच्या दरात जागा नाही. आणि पऱ्हाटी उपटून खड्ड्यापर्यंत ओढणाऱ्या बाईची मजुरी कोणी ठरवायची, हे अजून गावागावात मोघमच आहे.