कबड्डीच्या बचावात कोणाची जागा कोणती?

संघव्यवस्थापनाच्या संगणकीय खेळात बेसबॉलच्या प्रत्येक खेळाडूपुढे आकडे लिहिलेले असतात. फेक किती जोरदार, धाव किती वेगवान, हे पाहून क्षेत्ररक्षणाची जागा ठरवता येते. जुन्नर, आंबेगाव तालुक्यांतील मातीच्या मैदानावर कबड्डीचा संघ उभा करणाऱ्या क्रीडाशिक्षकाला मात्र अशी सोय नसते. त्याचा निर्णय चुकला, तर गुणी मुलगा निवड चाचणीत झाकोळला जातो. शासकीय सेवेत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण असल्याने हा प्रश्न केवळ हार-जितीचा राहत नाही.

सात जागा, तीन कामे

पुरुषांचे मैदान १३ बाय १० मीटरचे असते. बचावात दोन्ही टोकांना कोपरारक्षक, त्यांच्या आतल्या बाजूस दोन 'इन', मग दोन मध्यरक्षक आणि मधोमध 'सेंटर' अशी रचना असते. बहुधा 'इन' व 'सेंटर'च्या जागी चढाईपटू उभे राहतात. पकडीचा मुख्य भार उरलेल्या चौघांवर असतो.

कोपरारक्षकाला घोट्याची व मांडीची पकड साधावी लागते. बोनस घेताना चढाईपटूला एक पाय रेषेपलीकडे टेकवून दुसरा अधांतरी ठेवावा लागतो. त्याचा तोल सर्वांत कच्चा असतो तो याच क्षणी, आणि तीच कोपरारक्षकाची संधी. येथे ताकदीपेक्षा संयम मोलाचा. आधी झेपावणारा स्वतःच बाद होतो.

मध्यरक्षकाचे काम निराळे. कोपऱ्याने पाय धरताच चढाईपटूची मध्यरेषेकडची वाट त्याने अंगाने अडवायची किंवा धडक देऊन त्याला मैदानाबाहेर ढकलायचे. त्यासाठी मजबूत खांदे आणि कोपरारक्षकाशी जुळलेली नजर हवी. म्हणून कोपरा व मध्यरक्षक यांची निवड स्वतंत्रपणे न करता जोडीने करावी.

डावा की उजवा?

समोरून येणाऱ्या चढाईपटूची उजवी बाजू म्हणजे बचाव संघाची डावी. बहुतेक चढाईपटू उजव्या बाजूने सराईत असल्याने डाव्या कोपऱ्यावर अधिक ताण येतो, असे मानले जाते. १ मार्च २०२४ रोजी हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून प्रो कबड्डीचे पहिले विजेतेपद मिळवणाऱ्या पुणेरी पलटणच्या डाव्या कोपऱ्यावर महंमदरेझा शादलू व उजव्या कोपऱ्यावर गौरव खत्री होता. मध्यरक्षणाची जबाबदारी संकेत सावंत व अबिनेश नादराजन यांच्याकडे होती.

गडी कमी झाल्यावर

सामन्यात ही रचना टिकत नाही. सहापेक्षा कमी बचावपटू उरले की बोनस मिळत नाही. तीन किंवा कमी असताना केलेल्या यशस्वी पकडीला दोन गुण मिळतात. त्यामुळे प्रत्येक रक्षकाला दुसऱ्या एका जागेचा सराव हवाच.

यासाठी संगणक लागत नाही. कोणी किती पकडी केल्या, कोणत्या बाजूला, किती फसल्या, एवढी नोंद साध्या वहीत महिनाभर ठेवली तरी पुरे. उंच मुलगा मध्ये आणि बुटका कोपऱ्यात, असे डोळ्यांनी ठरवलेले समज पुष्कळदा ती वहीच खोडून काढते.