सुहैलीची फायबरची भावकी

१९६४च्या डिसेंबरात मुंबईत एक बत्तीस फुटी शिडाची नौका पाण्यात उतरली. नाव सुहैली. ब्रिटिश-इंडिया कंपनीच्या जहाजांवरचे एक तरुण अधिकारी, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, तिचे मालक. ती सागवानी होती आणि सुतार इथलेच. वाकसानं फळी तासायची, सामत्यानं भोक पाडायचं, सांध्यात कापूस ठोकायचा, असं ते काम. आराखडा मात्र अमेरिकेतून आलेला. विल्यम अ‍ॅटकिन यांनी १९२०च्या दशकात काढलेला तो ‘एरिक’, आणि अ‍ॅटकिन यांच्यासमोर होत्या नॉर्वेच्या कॉलिन आर्चर यांच्या बचावनौका. वादळात अडकलेल्या मच्छीमारांना आणायला जायचं, म्हणून दोन्ही टोकं निमुळती, पोट रुंद आणि तळाला जवळजवळ सलग लांब पठाण, म्हणजे नौकेचा कणा (कील). वेगाची हौस कुणालाच नव्हती. १९६८-६९मध्ये नॉक्स-जॉन्स्टन याच नौकेतून एकट्यानं, कुठंही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. असं करणारे ते जगातले पहिले. वाटेत अटलांटिकमध्ये पठाणालगतचा सांधा पाणी देऊ लागला, तेव्हा स्वतः पाण्याखाली उतरून त्यांनी त्यात कापूस भरला आणि वरून तांब्याची पट्टी ठोकली.

सांधा आहे तिथं आज ना उद्या पाणी येणारच. सुहैली बांधली जात होती तेव्हाच अमेरिकेत बिनसांध्याच्या नौका साच्यातून निघू लागल्या होत्या. काचेचे धागे पॉलिएस्टर रेझिनमध्ये भिजवून छोट्या होड्या करण्याचे प्रयोग चाळीसच्या दशकातले. १९५६मध्ये कॅलिफोर्नियात फिलिप ऱ्होड्स यांच्या आराखड्यावरून चाळीस फुटी ‘बाउंटी टू’ निघाली. खरी बाजारपेठ उघडली ती १९५९च्या जानेवारीत, न्यूयॉर्कच्या बोट प्रदर्शनात. ऱ्होड आयलंडच्या पीअरसन चुलतभावांनी कार्ल अल्बर्ग यांच्याकडून आराखडा करवून घेतलेली अठ्ठावीस फुटी ‘ट्रायटन’ तिथं मांडली आणि मध्यमवर्गीय गिऱ्हाईक तुटून पडलं. पुढं सातशेच्या वर ट्रायटन निघाल्या.

गंमत अशी की या नव्या पदार्थानं पहिली काही वर्षं नवा आकार शोधलाच नाही. रेझिनला फळीसारखं वाकवावं लागत नाही, ते साच्यात कुठंही बसतं. तरी लोकांनी त्यात ओतले ते लाकडी नौकांचेच आकार. गिऱ्हाइकाला नौका नौकेसारखी दिसायला हवी होती. माझ्या मते नशीब, की तसं झालं.

याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण म्हणजे वेस्टसेल ३२. एरिकच्याच वंशातला आराखडा घेऊन विल्यम क्रीलॉक यांनी तो फायबरग्लाससाठी बेतला आणि १९६९च्या सुमारास कॅलिफोर्नियात ‘केंडल ३२’ नावानं काही नौका निघाल्या. कंपनी बुडाली. साचे लिलावात स्नायडर आणि लिन व्हिक या जोडप्यानं घेतले आणि १९७१पासून वेस्टसेल सुरू झालं. लांबी सुहैलीइतकीच, बत्तीस फूट. रुंदी अकरा, वजन नऊ टनांच्या घरात.

हे काम चालतं कसं, ते पाहण्यासारखं आहे. आधी साच्याच्या आतल्या बाजूला मेण घासून आरसा करायचा. त्यावर जेलकोट, म्हणजे बाहेरून दिसणारा गुळगुळीत रंगीत थर. घराला रंग शेवटी लागतो, इथं सगळ्यात आधी. मग काचेच्या धाग्यांची मॅट, तिच्यावर जाड विणीचं रोव्हिंग, पुन्हा मॅट, आणि प्रत्येक थरावर हार्डनर घातलेलं रेझिन. रोलरनं दाबून हवेचा बुडबुडा काढायचा. राहिला तर तिथं पोकळी राहते आणि पुढं तीच जागा दगा देते. रेझिन घट्ट होताना तापतं, डोळे चुरचुरतात, वास कपड्यांतून जात नाही. फायबरच्या होड्या दुरुस्त करणाऱ्या आपल्या किनाऱ्यावरच्या कारागिरांना हे सांगायला नको. वेस्टसेलच्या पोकळ पठाणात तीन टनांहून जास्त वजन आत बसवून वरून बंद केलेलं असे. पठाण पेलणारे बोल्ट नाहीत, म्हणजे ते गंजण्याचा प्रश्नही नाही.

सुमारे साडेआठशे निघाल्या, आणि त्यांतल्या जवळपास निम्म्या अर्धवट अवस्थेत विकल्या गेल्या. सांगाडा घ्या, घरामागच्या अंगणात उभा करा, आतलं सुतारकाम स्वतः करा. नोकरी सोडून ताहितीला जायचं स्वप्न हप्त्याहप्त्यानं विकत मिळू लागलं. १९७३मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकानंही दखल घेतली. कित्येक नौकांनी अंगणाच्या बाहेर पाऊल टाकलं नसेल, पण जगभर गेलेल्याही पुष्कळ. शर्यतवाले नाक मुरडून तिला ‘वेटस्नेल’, ओली गोगलगाय म्हणत. मागणी असूनही कंपनीला पैसा टिकवता आला नाही. १९७७मध्ये दिवाळं निघालं आणि १९८०च्या आसपास उत्पादन थांबलं.

तिची खरी जाहिरात कंपनी गेल्यावर झाली. १९९१च्या ऑक्टोबरात, ज्या वादळावर पुढं ‘द परफेक्ट स्टॉर्म’ हे पुस्तक आणि सिनेमा आला, त्यात सापडलेल्या ‘सॅटोरी’ या वेस्टसेलवरच्या तिघांना अमेरिकन तटरक्षकांनी उचललं. रिकामी नौका समुद्रात तशीच सोडली. काही दिवसांनी ती मेरिलंडच्या असाटीग बेटाच्या वाळूवर सापडली, जवळपास धड. माणसांच्या आधी नौका हरेल असं वाटलं होतं, झालं उलटंच.

म्हणून फायबर अमर आहे असं नाही. जेलकोटमधून पाणी हळूहळू झिरपतं, रेझिनमधले न जुळलेले घटक विरघळवतं आणि तळाला फोड येतात. फोडले की आंबूस द्रव बाहेर येतो. पण जुनी नौका घ्यायला गेलेला जाणता माणूस आधी डेकवर हातोडीची मूठ आपटत फिरतो. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आला तर दोन थरांमधलं प्लायवूड कुजलंय. म्हणजे फायबरच्या नौकेत कुजतं ते लाकूडच.

नॉक्स-जॉन्स्टन यांनी ज्या शर्यतीत ती प्रदक्षिणा केली, ती गोल्डन ग्लोब शर्यत २०१८मध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हा नियमांनी जणू याच पिढीची व्याख्या केली: १९८८च्या आधीचा आराखडा, बत्तीस ते छत्तीस फूट लांबी, लांब पठाण, साच्यातून काढलेली फायबरग्लास नौका. अपवाद सुहैलीच्या प्रतिकृतींना. तशी एक गोव्यात बांधली गेली, ‘थुरिया’, आणि नौदलाचे अभिलाष टॉमी तीतून निघाले. याच टॉमींनी २०१२-१३मध्ये गोव्यातच बांधलेल्या ‘म्हादेई’तून न थांबता प्रदक्षिणा केली होती. लाकडी गाभ्यावर काच-इपॉक्सीचा थर असलेली ती नौका दोन्ही घराण्यांची. थुरियाच्या मात्र दक्षिण हिंदी महासागरात डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीला जबर इजा झाली आणि फ्रेंच जहाजानं त्यांना सोडवलं.

२०२२च्या शर्यतीत ते पुन्हा उतरले, या वेळी ब्रिटनमध्ये बांधलेल्या रस्टलर ३६मधून. फायबरग्लास, लांब पठाण, साधा दणकट घाट. दुसरे आले. पहिल्या आल्या दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉयशेफर, केप जॉर्ज ३६ या नौकेतून. तीही फायबरचीच, आणि तिचा मूळ आराखडा पुन्हा अ‍ॅटकिन यांचाच.